पालथ्या डब्यावरची टिटवी

सोमवार, ४ तारीख

आज विहीणबाई आल्या. दोन बॅगा घेऊन. एकीत कपडे आणि दुसरीत नुसत्या पेन्सिली, कागद, रबर आणि कसकसल्या पट्ट्या. पंधरा दिवसांसाठी माणूस एवढ्या पेन्सिली आणतं का? पण त्या शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या, तेव्हा आणणारच. मी चौथीत शाळा सोडली. माझं सगळं शिक्षण एका पेन्सिलीत उरकलं, तीही अर्धी माझ्या भावाने खाल्ली.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. आता हे मी कोणाला सांगतेय, मला माहीतच आहे. पण भिंगरी म्हणते, आजी, रोजनिशी अशी लिही की दुसऱ्याने वाचली तरी कळली पाहिजे. वर हेही म्हणते की दुसऱ्याला वाचायला देऊ नकोस. यातलं काय ऐकायचं ते तीच जाणे.

भिंगरी माझी नात. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. फक्त मागच्या खोलीत तिच्या टेबलाशी बसली की तासन् तास हलत नाही. तिथे ती पेडल बनवते. सायकलची नाही. गिटार वाजवणारे लोक पायाशी एक डबा ठेवतात, त्याचं बटण बुटाने दाबलं की गिटारीचा आवाज बदलतो. भिंगरीच्या डब्याने आवाज असा होतो की गिटारीला सर्दी झाली आहे आणि ती कोणावर तरी रागावली आहे. लोकांना तेच आवडतं. तिने नाव ठेवलंय घोगरी.

आजवर प्रत्येक घोगरीचं तोंड मी रंगवलंय. मी बारीक ब्रशने वेल काढते, पानं काढते आणि नॉबांखाली आवाज, खरखर, धार असं लिहिते. माझं अक्षर तिरकं आहे. वाजवणारे म्हणतात, तिरकंच छान आहे.

आता एका वाद्यांच्या दुकानाने चाळीस घोगऱ्या मागितल्यात. चाळिसांच्या चाळीस सारख्या हव्यात आणि बुटाने रंग उडायला नको. म्हणजे मी नको. भिंगरीने हे मला चहा गाळता गाळता सांगितलं, साखर संपल्याचं सांगावं तसं. चित्र विहीणबाई काढणार.

त्यांना माझ्या खोलीतला खिडकीजवळचा पलंग दिला. मी होऊन दिला. आता वाटतंय, कशाला दिला.

बुधवार, ६

भिंगरीने जेवताना सगळं समजावलं. समजावलं विहीणबाईंना, मी मध्ये बसले होते म्हणून मलाही कळलं.

डब्याच्या पोटात एक सर्किट बोर्ड असतो. कडक पत्र्यासारखा तुकडा, त्यावर तांब्याच्या रेघा. त्या रेघांवरून वीज फिरते. हे बोर्ड करणारा कारखाना आहे, चित्र पाठवलं की हुबेहूब तसा बोर्ड करून देतो, भोकांसकट. तर भिंगरीच्या डोक्यात आलं की ह्याच कारखान्याकडून एक असा बोर्ड करून घ्यायचा ज्यावर विजेचं काहीच नाही, नुसतं चित्र. वरून काळा लेप. जिथे चित्र, तिथे लेप नाही, खालचं तांबं उघडं आणि त्यावर सोनेरी मुलामा. तो बोर्ड डब्याच्या तोंडावर बसवायचा. ती त्याला फेसप्लेट म्हणते. मी पाटी म्हणते.

मी म्हटलं, "म्हणजे शिकलासवरलेला बोर्ड, पण काम काही करायचं नाही, दारात नटून उभं राहायचं."

माझा मुलगा हसला. भिंगरी हसली. विहीणबाई तर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग भिंगरी उठून त्यांना पाणी देते, "आजी, तुम्ही सावकाश प्या" म्हणते. मला ठसका लागला तर म्हणते, किती बोलतेस गं खाताना.

त्यांच्याशी ती अशीच बोलते. तुम्ही बसा, तुम्हाला चालेल का, तुम्ही दमलात का. आणि मला, सरक गं, माझी वायर आहे तिथे. बाईंना मान आहे. माझ्या पायाखाली वायर आहे.

गुरुवार, ७

विहीणबाईंनी आज डब्याची मापं घेतली. भोकं आधीच पाडलेली आहेत. आमच्या ओळखीचा भोकंवाला आहे, त्याच्या यंत्राला लोखंडी साचा बसवलेला आहे, त्या साच्याने तो सगळ्या डब्यांना भोकं पाडतो. त्याचं कागदावर काही नाही. म्हणून भिंगरीने बाईंना सांगितलं, आजी, तुम्ही एक डबा घ्या, कागदावर भोकं उतरवा आणि त्यांच्या भोवती चित्र बसवा, मी ते तसंच्या तसं कॉम्प्युटरमध्ये घेईन.

बाई केवढा थाट करून बसल्या. कागद चिकटपट्टीने टेबलाला चिकटवला. डबा त्यावर पालथा ठेवला, म्हणजे तोंड खाली आणि उघडं पोट वर, हलू नये म्हणून. मग आतून प्रत्येक भोकात पेन्सिल फिरवली. चष्मा दोनदा पुसला. मी लसूण सोलत होते. म्हटलं, "मी तर डबा नुसता हातात धरते आणि रंगवते."

त्या म्हणाल्या, "तुमच्या हाताला सवय आहे. मला मापाशिवाय जमत नाही."

टोमणाच होता तो, नाहीतर दुसरं काय. मग विचारतात, लसूण इतका भराभर कसा सोलता. आता माझं तेही शिकून घेणार.

रविवार, १०

चित्र झालं. टिटवी काढली आहे. आधी त्यांनी पेन्सिलीने छान सावल्या बिवल्या दिल्या होत्या, पण भिंगरी म्हणाली, कारखान्याला फिकट-गडद कळत नाही, एक तर तांबं दिसेल नाही तर दिसणार नाही. मला बरं वाटलं, खरं सांगते. वाटलं, आता अडल्या. पण त्यांनी मुकाट्याने सगळं पुसलं आणि सावलीच्या जागी बारीक बारीक रेघा ओढल्या. जवळ जवळ रेघा म्हणजे गडद, लांब लांब म्हणजे फिकट. दोन दिवस मान वर केली नाही.

टिटवी लांब पायांवर उभी आहे. मोठा नॉब म्हणजे चंद्र. दोन छोटे नॉब एकाखाली एक आहेत, ती तिची अंडी. आणि डब्याचा बारका दिवा येतो तो बरोबर डोळ्यात. बटण दाबलं की टिटवीचा डोळा पेटणार.

मी बघतच राहिले. मग म्हटलं, "पाय फार काटकुळे झालेत."

"टिटवीचे असतातच गं," भिंगरी म्हणाली आणि बाईंच्या गळ्यात हात टाकला. म्हणाली, "आजी, तुम्ही ग्रेट आहात."

मला कधी ग्रेट म्हणाली नाही. माझ्या वेलाला म्हणते, मस्त गं म्हातारे, आता पुढचा घे.

तिचा हात खांद्यावरून निघाला तरी बाई तशाच खांदा उचलून बसल्या होत्या. भाव खाणं म्हणतात ते हेच.

आज पोटात दुखतंय. जेवणाने नाही.

सोमवार, ११

आज जे झालं ते लिहू की नको. लिहिते. वाचणार कोण आहे.

भिंगरीने चित्र कॉम्प्युटरमध्ये घातलं, भोकं बाईंनी उतरवली तिथेच ठेवली आणि अगदी खऱ्या मापात कागदावर छापलं. तिला दुकानवाल्याकडे जायची घाई. चपला घालता घालता मला म्हणाली, "आजी, हा कागद कापून डब्यावर ठेव आणि भोकं जुळतात का बघ. जुळली की मला फोन कर, मी तिथूनच कारखान्याला पाठवते. तुझ्याइतका हा डबा कोणी बघितलेला नाही."

विहीणबाई आंघोळीला गेल्या होत्या. मी कागद कापला, डब्यावर ठेवला. जुळेना. चंद्र डावीकडे हवा तर कागदावर उजवीकडे. अंडी डाव्या बाजूला. म्हटलं, मी उलटा धरला की काय. वरचा खाली करून पाहिला, तरी नाही. मग खिडकीच्या काचेला लावून मागून पाहिला आणि एकदम लख्ख कळलं. त्यांनी डबा पालथा घालून आतून भोकं उतरवली होती. सगळं उलटं उतरलं, आरशात दिसतं तसं. कागद पालथा केला की भोकावर भोक बसत होतं. पण मग टिटवीचं तोंड डब्याकडे आणि आपल्याकडे कोरी पाठ.

मी डबा आणि कागद मांडीवर घेऊन बसून राहिले. मनात म्हटलं, शिकलेल्या बाई. मापाशिवाय जमत नाही म्हणे.

फोन मीच केला. भिंगरी म्हणाली, "जुळतंय ना गं?"

मी म्हटलं, "जुळतंय."

खोटं बोलले नाही मी. जुळतंच ते. कसं धरल्यावर जुळतं ते तिने विचारलं नाही.

बाई केस पुसत आल्या आणि म्हणाल्या, "बघितलंत का? जुळलं?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग मी नाही बघत परत. तुम्ही बघितलंत ना."

मंगळवार, १२

भिंगरी सकाळी म्हणाली, आज संध्याकाळपर्यंत काही बदलायचं असेल तर बदलता येतं, उद्यापासून ते काम सुरू करतील. मी म्हटलं, आता सांगून टाकू. हसत सांगू, की अगं काल माझ्या लक्षात आलं नाही. कोण मला खाणार आहे.

दुपारी भांडी आवरून मागच्या खोलीकडे गेले. दार अर्धं उघडं. भिंगरी बोर्डावर एकेक भाग बसवून खालून तापत्या सळीने डाग देत होती, त्याला सोल्डर म्हणतात, आणि बाई बाजूला बसून तिला एकेक भाग उचलून देत होत्या. ते माझं काम आहे. ते रंगीत पट्ट्यांचे बारके दाणे तर मला न बघता ओळखू येतात. बाई प्रत्येक दाणा उजेडात धरून विचारत होत्या, "हाच ना गं बाळा?" आणि ती म्हणत होती, "हो आजी, बरोबर. तुम्हाला किती पटकन जमलं."

पटकन? तेवढ्या वेळात माझा कुकर झाला असता.

मी परत फिरले. सांगितलं नाही. संध्याकाळ झाली, गेली. मी टाळत टाळत घरातले सगळे पडदे धुतले.

रविवार, १७

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला बसलं की एकच गोष्ट पुढे येते.

विहीणबाई उद्या-परवा जाणार होत्या, पण म्हणाल्या, पाट्या बघूनच जाईन. रोज विचारतात, आल्या का. काल मला म्हणाल्या, "शाळा सुटल्यापासून माझं चित्र कोणी मागितलं नव्हतं. घरी एकटी काढते आणि कपाटात ठेवते." मला वाटलं, आपलं काम मागितलं गेलं हे मला ऐकवतायत. आता लिहिताना वाटतंय, तसं नसेल. पण ते तसं असतं तर मला सोपं गेलं असतं.

गुरुवार, २१

पाट्या आल्या.

खोक्यात एकावर एक चाळीस. काळ्याभोर, आणि त्यावर सोन्याची टिटवी. बारीक रेघ अन् रेघ उतरली आहे. विहीणबाईंनी एक उचलली आणि तळहातावर ठेवली, पिल्लू ठेवावं तशी. भिंगरी नाचत होती. मी दाराला टेकून उभी.

मग तिने पाटी डब्यावर ठेवली.

तिने फिरवून बघितली, दुसरी काढली, तिसरी काढली. शेवटी पालथी केली. भोकं चटकन बसली. टिटवी आत गेली, वर नुसती काळी पाठ.

विहीणबाई म्हणाल्या, "माझ्या हातून झालं. मी डबा पालथा ठेवून उतरवलं." चष्मा काढला. "माझे डोळेही गेले आणि अक्कलही गेली."

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं होतं. दुकानवाल्याला तारीख दिलेली, परत करून घ्यायला वेळ नाही. पण ती म्हणाली, "असू दे आजी. होतं असं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." आवाज चढवला नाही, की भुवई उचलली नाही.

मग ती पाठ निरखत बसली. एक टोकदार दाभण घेतलं आणि कोपऱ्यात ओरखडा काढला. काळा लेप निघाला आणि खालून तांबं चमकलं. पाठीलाही आतून पूर्ण तांब्याचा थर असतो म्हणे. माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हातारे, दाभणाने वेल येईल का गं काढता? कोरलेलं आहे, बुटाने उडणार नाही. वरून पारदर्शक लॅकर मारते, म्हणजे तांबं काळं पडायचं नाही. अक्षरं पण तूच काढ. चाळीस सारख्या नाही होणार, पण दुकानवाल्याला मी पटवते."

हेच हवं होतं मला. घोगरीचं तोंड परत माझ्या हातात. मी पहिली पाटी घेतली, एक पान काढलं, दुसरं काढलं. काळ्यावर तांबडं पान काय सुरेख दिसतं. आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला विहीणबाई पेन्सिली पेटीत भरत होत्या. एकेक, टोकं एकाच बाजूला करून. रबर टाकलं. पट्ट्या टाकल्या. भिंगरीला म्हणाल्या, ही पेटी आता तूच ठेव, मला लागणार नाही.

तिसरं पान मला काढता आलं नाही.

स्वयंपाकघरात त्या कप विसळायला आल्या तेव्हा सांगितलं. नळ चालू होता, मला वाटलं नळाच्या आवाजात निभावेल. म्हटलं, "तुमचे डोळे ठीक आहेत. मला त्या दिवशी कागदावर दिसलं होतं. मी बोलले नाही."

त्यांनी नळ बंद केला.

"दिसलं होतं?"

"हो."

"आणि मी म्हटलं, तुम्ही बघितलंत म्हणजे मी बघत नाही."

"हो."

"का?"

आता काय सांगू? म्हटलं, "तुम्हाला ती ग्रेट म्हणाली."

मला वाटलं कप फेकतील. त्यांनी कप पालथा घातला आणि म्हणाल्या, "तिला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ती चुगली होईल."

शुक्रवार, २२

सांगितलं.

बापरे. अशी भिंगरी मी बघितलीच नव्हती. "आजी, तुला कळत कसं नाही गं? लहान आहेस का तू? चाळीस पाट्या वाया घालवल्यास आणि फोनवर जुळतंय म्हणतेस? मी तुझ्यावर सोडून गेले होते. तुझ्यावर." मग खोलीत जाऊन दार आपटलं. मला वाटलं, झालं. दार परत उघडलं. "आणि त्या बिचाऱ्या पेन्सिली देऊन टाकायला निघाल्यात. तुला रात्री झोप कशी येते?" मी म्हटलं, येत नाही. "नकोच येऊ दे." परत दार. तिसऱ्यांदा आली ती म्हणाली, "आणि पडदे का धुतलेस ते आत्ता कळलं मला." माझ्या मुलाने मध्ये तोंड घातलं तर त्यालाही झापलं. शेवटी म्हणाली, "मी चिडलेय. पुढचा आठवडाभर चिडलेलीच राहणार आहे. आणि पाट्या सगळ्या तूच कोरायच्यास, रडत बसू नकोस."

मी रडत बसले आणि पाट्या कोरत बसले. दोन्ही एकदम होतं.

थोड्या वेळाने विहीणबाई समोर येऊन बसल्या. त्यांनी दुसरं दाभण उचललं. म्हटलं, आता ह्याही बोलणार, बोलू देत. त्या एका पाटीच्या कोपऱ्यात अगदी बारकी टिटवी काढू लागल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "नशीबवान आहात."

मी म्हटलं, "मी? आत्ता ऐकलंत ना?"

"ऐकलं ना. काल तिला वाटत होतं की चूक माझी आहे, तेव्हा ती काय म्हणाली? असू दे आजी. पाहुणीला म्हणतात तसं." दाभण थांबवलं. "माझ्यावर कधी दार आपटलं नाही तिने. दोन आठवडे मी तुमच्याकडे बघतेय. तुम्हाला हाड्‌हुड करते, तुमच्या ताटातलं उचलून खाते. माझ्या ताटाला हात लावण्याआधी विचारते. त्या दिवशी तुम्ही फोनवर जुळतंय म्हणालात ना, मी समोर असते आणि मला दिसलं असतं, तर मीही कदाचित बोलले नसते. उलट्या कारणाने. तुम्हाला ती ग्रेट म्हणत नाही म्हणून डाचलं, मला ती रागावत नाही म्हणून."

मला पुरतं कळलं नाही, पण रडू थांबलं. खरं सांगायचं तर आतून इतकं बरं वाटलं की लाज वाटली. दार माझ्यावर आपटलं होतं, तेही दोन वेळा.

मग मला त्यांची कीव आली. आपल्याकडे जास्त असलं की येते तशी. मी खुर्ची जवळ ओढली आणि हळूच म्हटलं, "एक सांगू? तिचा एक बारीक चिमटा आहे, भाग उचलायचा. त्याला हात लावला की तिचं डोकं फिरतं. घ्या तो, दाभणाला चिकटलेला लेप काढा आणि जागेवर ठेवू नका."

"अहो, काहीतरीच काय."

"घ्या तर."

शनिवार, २३

विहीणबाईंनी जाणं पुढे ढकललंय. पेन्सिलींची पेटी परत त्यांच्या उशाशी आहे. अकरा पाट्या झाल्या. वेल आणि अक्षरं माझी, कोपऱ्यातली टिटवी त्यांची. त्यांची रेघ माझ्यापेक्षा सरळ येते, हे मी इथेच लिहिते, तोंडाने म्हणणार नाही. दुकानवाला कुरकुरला, पण घेतो म्हणालाय. आतली सोन्याची टिटवी कोणाला दिसणार नाही. कधी कोणी डबा खोलला तरच. त्याचं मला फार वाटतं.

भिंगरी अजून माझ्याशी बोलत नाही. म्हणजे सकाळपासून चारदा येऊन सांगून गेली की मी तुझ्याशी बोलत नाहीये.

दुपारी आम्ही दोघी कोरत बसलो होतो आणि मागच्या खोलीतून ओरडा आला, "माझा चिमटा कोणी घेतला?"

मी पाटीवर आणखी खाली वाकले. विहीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. भिंगरी दारात आली होती, तिला म्हणाल्या, "मी घेतला."

"अगं आजी, काय हे? त्याचं टोक वाकलं ना. लेप खरवडायला घेतलास? विचारायचं तरी. आता मी काम कशाने करू, दातांनी? दे इकडे, आणि परत हात लावलास तर बघ."

फणकाऱ्याने गेली. दार आपटलं.

विहीणबाई एकदम लाल झाल्या, कानापर्यंत. दाभण खाली ठेवलं, परत उचललं, कुठे होते मी म्हणून पाटी शोधू लागल्या, ती हातातच होती. मला हळूच विचारतात, "दार जरा जोरातच लागलं ना हो?"

म्हटलं, "वाऱ्याने लागलं असेल."

आणि आता लिहिताना परत पोटात दुखतंय. काय गरज होती मला शिकवायची?